शालनच्या घरापुढची उचकी

लातूरच्या स्टँडवरून दिवसभर सुटणाऱ्या सगळ्या गाड्या मिळून जेवढं अंतर जात नसतील, तेवढं आमच्या वरच्या खोलीतले डायवर चाचा एका जागी बसून गेले आहेत. एसटीतून रिटायर झाल्यावर माणसं पाय पसरून बसतात. चाचांनी भंगारातून एका मोडक्या बसची डायवरची सीट उचलून आणली, खोलीत विटांवर पक्की केली, समोर कॉम्प्युटर ठेवला, टेबलाला खेळातलं स्टिअरिंग लावलं आणि पुन्हा ड्यूटीवर हजर झाले. खाकी शर्टाची वरची गुंडी लावल्याशिवाय ते गेम सुरू करत नाहीत. दर गुरुवारी कॉम्प्युटरभोवती उदाचा धूर फिरवतात. तोही असा की, शेजारच्या खोल्यांतली क्लासची पोरं पुस्तकं घेऊन गच्चीवर पळतात. स्टॉपवर चिटपाखरू नसलं तरी गाडी थांबवतात. एकदा मी त्यांचं जेवणाचं ताट घेऊन वर गेले, तर त्यांनी मागं न बघता हात वर करून मला दारातच अडवलं. "ताई, चालू गाडीत चढू नका. स्टॉप येऊन राहिला." पुढचा स्टॉप येईपर्यंत मी ताट धरून उंबऱ्यात उभी. वरण निवलं, पण मी चढले नाही.

ती बस चालवायची गेम मूळची परदेशातली. तिच्यात आरशासारखे रस्ते आणि कडेला बर्फ. कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. चाचांना ते बघवलं नाही. गेममध्ये बाहेरून आपल्या वस्तू घालता येतात, त्याला मॉड म्हणतात, हे ते मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून शिकले आणि मग थांबलेच नाहीत. लाल बस घातली, बाभळी घातल्या, शेळ्या, कडब्याच्या गाड्या, दर मैलाचा दगड. खड्डे तर त्यांनी एकेक करून, जागा आठवून घातले. "हा डावीकडचा खड्डा लई जुना हाय, ताई. याला मी सलाम करून जायचो." शेवटी बसमध्ये बावीस प्रवासी बसवले. प्रत्येकाचा पटका वेगळा, एकाच्या मांडीवर कोंबडी. त्या कोंबडीला मान हलवायला शिकवण्यात चाचांचे आठ दिवस गेले आणि त्या आठ दिवसांत ते माझ्याशी कोंबडीखेरीज दुसरं बोलले नाहीत.

रस्ता मात्र आजचा नव्हता. भूकंपाच्या आधी ज्या रस्त्याला त्यांची गाडी होती, तोच रस्ता त्यांनी बांधायला घेतला होता. त्या रस्त्यावरची गावं आता नाहीत. लोकांना लांब माळावर नवी घरं मिळाली, ओळीत, सगळी सारखी. चाचांना जुनी गावं पाहिजे होती, पण त्यांना ती फक्त बसच्या काचेतून ठाऊक होती. आतलं ते लोकांना विचारत. त्यातलं एक गाव माझं. मी चौथीत असताना ते पडलं, शाळा पडली, पुढं मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. आता खाली खानावळ चालवते, आणि पोरं सोडून गेलेल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते. कोणाला दाखवायचं नाही म्हणून लिहिता येतं.

एक दिवस जेवताना चाचांनी विचारलं, "ताई, तुमचं घर कोण्या हाताला?" पंगतीत क्लासची पोरं बसली होती. आमचं घर म्हणजे गावाबाहेर ओढ्याच्या कडेला तुराट्यांचा कूड आणि वर पत्रा. तेवढं सांगायचं होतं. पण पोरांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि माझी जीभ फिरली. "उजव्या हाताला," मी म्हणाले, "पिंपळाच्या पारापुढं. दगडी, वर मातीचं जाड माळवद." ते घर माझं नव्हतं. ते शालनचं होतं. शालन माझ्याच वर्गात, माझ्याच बस्करावर बसायची. त्या घरात ती होती, म्हणून ती आता नाही.

एक खोटं बोलून थांबले असते तर आज एवढी लाज वाटली नसती. पण दुसऱ्या दिवशी चाचा वही घेऊन आले. पायऱ्या किती? पाच. कडी लोखंडी का पितळी? पितळी. मग मीच सुटले. आयुष्यात कोणी मला माझ्या घराबद्दल एवढं विचारलं नव्हतं. मी घराला माडी चढवली, माडीला कोरीव खांब लावले, दारात दोन बैलजोड्या बांधल्या, त्यांच्या गळ्यात घुंगरमाळा घातल्या. भिंतीच्या कोनाड्यांत शालनकडं पाच-सहा कबुतरं असायची, ती मी चाळीस केली. चाचांनी चाळीसही बनवली, आणि प्रत्येकाला वेगवेगळे पंख हलवायला लावले.

त्यानंतर गेमला उचकी लागली. हा शब्द चाचांचा. गाडी चांगली चालायची, आणि माझ्या गावाजवळ आली की अडकायची, पुढं सरकायची, पुन्हा अडकायची. चाचांनी आधी डायवरचे उपाय केले. कॉम्प्युटरचं झाकण काढून सायकलच्या पंपानं धूळ उडवली. उन्हाळ्यात कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडं फिरवलं आणि स्वतः घामानं निथळत बसले. "इंजिन तापून राहिलं, ताई. माणसाचं काय, माणूस तापतच असतो." मग त्यांनी मला कोपऱ्यातला हिरवा आकडा दाखवला. कॉम्प्युटर एका सेकंदात किती चित्रं काढतो ते त्यात दिसतं. साठ निघाली तर गाडी लोण्यासारखी, तीस असली तरी चालतं. माझ्या गावात आकडा अकरावर यायचा.

मला भाकरीशिवाय काही कळत नाही, म्हणून मी भाकरीचंच बोलले. "चाचा, तो सगळ्यांना एकदम वाढायला बघतोय का? मी जे ताटावर बसलेत त्यांनाच गरम वाढते. दारातल्यांची नुसती मोजदाद." चाचांनी कपाळावर हात मारला. दोन दिवसांत त्यांनी लांबची झाडं साधी, चपटी करून टाकली. जवळ गेलं तरच पानं दिसायची. बाकी रस्त्यावर आकडा भराभर वर गेला. चाचा जिना उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले, "माझ्या गाडीची मेकॅनिक खाली भाकऱ्या थापते!" मी पदरानं तोंड झाकून आत पळाले. कारण माझ्या गावात आकडा अकराच होता आणि का होता ते मला कळायला लागलं होतं.

मग चाचांनी तूर निवडावी तसं काम काढलं. सगळ्या मॉडचे दोन ढीग करायचे, अर्धा बंद, अर्धा चालू. ज्या ढिगात उचकी, त्याचे पुन्हा दोन. सोमवारी शेळ्या आणि बाभळी सुटल्या. मंगळवारी ट्रॅक्टर सुटले. मी रोज ताट घेऊन जायची आणि ढीग लहान झालेला बघून यायची. चोरी पकडायला पोलीस गल्लीत शिरलाय, घर मोजत येतोय आणि आपण त्यालाच चहा देतोय, असं वाटायचं. गुरुवारी ढिगात एकच वस्तू राहिली. माझं घर.

मला सुटल्यासारखं झालं. आता काढून टाकतील आणि संपेल. पण चाचा म्हणाले, "घर काढणार न्हाई. प्रवासी उतरवतो. बावीस माणसं उतरली की वजन कमी होईल." आणि त्यांनी कोंबडीवाल्याकडं बोट नेलं. मग हळूच म्हणाले, "भूकंपाच्या आदल्या दिवशी हीच माणसं मी गाडी भरून तिथं नेऊन सोडली होती, ताई. सणासाठी चालली होती. एकदा उतरवलीच हायत. पुन्हा उतरवतो."

मी दारातच होते. ताट खाली ठेवलं. "चाचा, ते घर माझं नाही," मी म्हणाले. "शालनचं आहे. आमचा ओढ्यापाशी कूड होता. पत्रा होता, म्हणून आम्ही वाचलो. मला त्याची लाज वाटली."

चाचांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. तसेच म्हणाले, "त्या घरचा मालक माझ्या गाडीनं बाजाराला यायचा. पिंपळापुढचं घर कोणाचं, हे मला म्हाईत न्हाई का?"

"मग बोलला का नाहीत?"

"त्या घराच्या पायऱ्या किती हे सांगणारं कोण उरलंय? तुम्ही सांगून राहिल्या, मी लिहून राहिलो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "पण चाळीस कबुतरं लई झाली, ताई."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडले आणि मला हसूही आलं, आणि तेवढ्यात माझं वरण पुन्हा निवलं.

मग आम्ही दोघांनी बसून खोटं खोटं काढलं. माडी काढली, खांब काढले, बैल, घुंगरमाळा, पितळी कडी. कडी लोखंडी होती, ती शालनच्या हाताला गंज लावायची. कबुतरं सहा ठेवली. ओढ्याकडेला तुराट्यांचा कूड उभा केला. त्याचं वजन काहीच नव्हतं, आकडा जागचा हललासुद्धा नाही. प्रवासी सगळे आपापल्या जागी राहिले.

चाचांनी गाडी सोडली आणि मला शेजारी स्टुलावर बसवलं. रीतसर स्टॉपवर चढवून. गाव आलं. आकडा चौतीस. गाडी पाराला वळली आणि शालनच्या पाच पायऱ्यांपुढं एकदा, अगदी बारीक, अडकली.

"एवढी उचकी राहिली," चाचा म्हणाले. "दोन कबुतरं काढली की जाईल."

लहानपणी शाळेत मला उचकी लागली की शालन म्हणायची, मीच तुझी आठवण काढली. तिच्या घराला मी वीस-पंचवीस वर्षांनी माझं म्हटलं होतं.

"राहू द्या, चाचा," मी म्हणाले.

त्यांनी गाडी थांबवली. स्टॉप नव्हता, तरी थांबवली.