सदीकीचं काम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, मशिदीत रोज शेजारी बसणाऱ्याला नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या लोकांत मी भला माणूस आहे, आणि ते नाव सांभाळताना माझी बरीच दमछाक होते.

सुरुवात एका हसण्यासारख्या चुकीने करतो. ती सांगायला सोपी आहे.

मी यान्बूला एका प्लँटमध्ये प्लॅनर आहे. म्हणजे काम इतर लोक करतात आणि ते कधी करायचं हे मी थंड खोलीत बसून आखतो. एकदा आमचा अमेरिकन साहेब जेवणाच्या टेबलावर म्हणाला, तुमच्या कॉलेजची फुटबॉल मॅच आहे ना जेद्दाला, मग या वेळी सगळे मिळून टेलगेटिंग करा. मी हबकलो. आमच्या ड्रायव्हिंगच्या वर्गात टेलगेटिंग म्हणजे पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून गाडी हाकणं — गुन्हा, दंड, लायसन्सवर डाग. आणि साहेब ते करायला सांगतोय? दुपारी मी इमानेइतबारे सेफ्टी कार्ड भरलं. प्लँटमध्ये कुठे काही धोक्याचं दिसलं की ते कार्ड भरून गेटजवळच्या पेटीत टाकायचं असतं. मी लिहिलं, ‘वरिष्ठ अधिकारी कर्मचाऱ्यांना टेलगेटिंगसाठी उत्तेजन देत आहेत.’ कार्डावर नाव लिहिण्याची सक्ती नसते. मी पूर्ण नाव लिहिलं, वर सहीही ठोकली. चांगल्या कामात लपायचं कशाला?

आठवडाभर ऑफिस हसत होतं. साहेबही हसला आणि मग त्याने समजावून सांगितलं — त्यांच्याकडे कॉलेजची मॅच असली की लोक चाकांवरची घरं, म्हणजे कॅरव्हॅन, घेऊन स्टेडियमबाहेर दोन-दोन दिवस मुक्काम ठोकतात. तिथेच शेगड्या पेटवायच्या, अनोळखी माणसाला ताट वाढायचं, आणि मग वेळ उरला तर मॅच बघायची.

आमच्या मंडळींना हे फारच पटलं. मॅच आमची दरवर्षी हिवाळ्यात व्हायची. रत्नागिरीकडच्या आमच्या पॉलिटेक्निकचे माजी विद्यार्थी विरुद्ध केरळातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे. भाड्याचं मैदान, चाळिशी ओलांडलेले खेळाडू, आणि दरवर्षी आमचा पराभव. निदान जेवणात तरी जिंकू, असा विचार.

मी लगेच बार चार्ट बनवला. कॅरव्हॅन, पाणी, कोळसा, कांदे सोलणं — एकूण चौसष्ट ओळी. तो कुणी उघडूनही पाहिला नाही. कारण सुरेशने चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या दहा मिनिटांत सगळं ठरवून टाकलं होतं.

सुरेश खेडचा. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, पण आमच्या कंपनीचा नव्हे — माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडून आलेला. त्याचा कफील, म्हणजे व्हिसा पुरवणारा, वेगळा, राहणं बॅचलर कॅम्पात, खोलीत बीजू नावाचा केरळी जोडीदार. मला कंपनीचं फॅमिली क्वार्टर, त्याला लोखंडी पलंग. तरी लोक कुणाभोवती जमायचे? सुरेशभोवती. आमचा गोलकीपर तोच, आचारी तोच. मला ‘भाय’ म्हणायचा, फरीदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ‘भाभी’. तो मला आवडायचा. — हे खरं आहे. आणि टपरीवरच्या त्या दहा मिनिटांनंतर तो मला थोडा कमी आवडायला लागला, हेही खरं आहे. माझी चौसष्ट ओळींची योजना कचऱ्यात आणि त्याचं ‘होऊन जाईल हो’ सगळ्यांच्या तोंडी.

कॅरव्हॅन मात्र माझ्या नावावर घ्यायची ठरली. फॅमिलीवाला माणूस, गाडीचा मालक भरवसा ठेवतो म्हणून. माझ्या इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, प्रत त्याच्या फाइलमध्ये गेली. त्या दिवसापासून मी त्या गाडीत काय काय जाणार आहे, याच्यावर नजर ठेवू लागलो.

आणि नजर ठेवली की दिसायला लागतंच, नाही का?

मॅचच्या आधीच्या आठवड्यात सुरेश मला बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दिसला. टोपलीत यीस्टचे तीन डबे, साखर, नारळपाण्याचे कॅन. मला बघून त्याने टोपली पाठीमागे घेतली. मी विचारलं, काय रे, बेकरी काढतोस? तो नुसता हसला आणि काहीतरी पुटपुटत निघून गेला. सुरेश कधी पुटपुटत नाही. मी घरी जाईपर्यंत तीनदा मनात मोजलं — यीस्ट, साखर, नारळपाणी. यीस्ट, साखर...

इथे राहिलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगतो. या देशात दारू बंद. पण कॅम्पात यीस्ट आणि साखर यांच्यापासून लोक चोरून काहीतरी गाळतात, आणि त्याला नाव आहे ‘सदीकी’. अरबीत त्याचा अर्थ ‘माझा दोस्त’. सापडलं तर तुरुंग, आणि मग विमान.

दोन दिवसांनी मी त्याच्या खोलीवर गेलो. निमित्त शेगडीचं. कोपऱ्यात झाकणाचा निळा ड्रम, त्याच्यावर टॉवेल गुंडाळलेला. खोलीत आंबूस वास. मी ड्रमकडे पाहतोय हे बघून सुरेश मध्ये येऊन उभा राहिला — सहज उभा राहिल्यासारखा. शेगडी घेऊन मी बाहेर पडलो, चप्पल घालायला वाकलो, तेवढ्यात आत त्याचा फोन वाजला. दबक्या आवाजात तो म्हणाला,

“फुगतंय, फुगतंय. सदीकीचं काम आहे, कुणाला कळायला नको.”

झालं. मला अजून काय हवं होतं?

आता तुम्ही विचाराल, दार उघडंच होतं, आत जाऊन विचारलं का नाही? विचारता आलं असतं. सुरेश, ड्रममध्ये काय आहे? — चार शब्दांचं काम. पण संशयाची एक गंमत असते. तो घेऊन फिरताना आपण स्वतःला फार शहाणे वाटतो. विचारलं की तो संपतो. मी तो दोन दिवस जपला. कॅरव्हॅन माझ्या नावावर, चेकपोस्टवर झाकण उघडणार, बेड्या मला, फरीदा आणि पोरं एका रात्रीत मुंबईला. हे सगळं मी इतक्या बारकाईने रंगवलं की शेवटी मला सुरेशचा रागच आला. आणि त्या रागात तो चार्टही होता. तो नव्हता असं म्हणणार नाही.

रविवारी मी पुन्हा सेफ्टी कार्ड भरलं. कॅम्पाचं नाव, खोलीचा नंबर, ‘आंबवलेल्या पदार्थाचा साठा, तपासणी व्हावी.’ या वेळी नावाची जागा कोरी ठेवली. अक्षर मी डाव्या हाताने काढलं. सही ठोकणारा मी, डाव्या हाताने.

मंगळवारी दुपारी सिक्युरिटीने खोली उघडली. गाद्या उलटल्या, ड्रम उचलून नेला, सुरेशला ऑफिसात बसवलं. बातमी मला टपरीवर कळली आणि मी तोंड वर करून म्हणालो, अरे, कुणी केलं हे? लोक म्हणाले, आणि कोण, बीजू. का, तर बीजू त्या केरळी कॉलेजचा. आमचा गोलकीपर काढला की मॅच त्यांची. दरवर्षी जिंकणाऱ्या संघाला आमचा गोलकीपर काढायची काय गरज? हे मला त्या क्षणी सुचलं होतं. मी बोललो नाही. मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते प्रत्येकाने आपापलं ठरवलं.

संध्याकाळी घरी आलो तर फरीदा रडत होती.

ड्रममध्ये सांदणांचं पीठ होतं, मॅचआधी प्रमाण जमावं म्हणून पुन्हा पुन्हा भिजवून पाहिलेलं. सांदणं तुम्हाला माहीत असतील. आम्हा कोकणी मुसलमानांकडची पांढरी असतात, जाळीदार, नारळाच्या दुधाबरोबर खायची. पूर्वी पीठ माडी घालून फुगवायचे, आता यीस्ट, साखर आणि नारळपाणी घालतात. त्या शुक्रवारी, मॅचच्या दिवशी, मी पन्नास वर्षांचा होणार होतो. सुरेशने आणि फरीदाने ठरवलं होतं की मैदानाशेजारी कॅरव्हॅनमध्ये शंभर सांदणं वाफवायची आणि मला बसवून खाऊ घालायची. घरात पीठ भिजवलं असतं तर वासाने मला कळलं असतं, म्हणून ते कॅम्पात. फोनवर होती ती फरीदा. सदीकी म्हणजे सदीकी — दोस्त. मी.

पन्नास वर्षं मी ईदला सांदणं खाल्ली. त्यात यीस्ट आणि नारळपाणी पडतं हे मला माहीत नव्हतं. मी फक्त ताटासमोर बसायचो.

इथपर्यंत असं वाटेल की हा गैरसमज आहे. मीही काही वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण मला जे कबूल करायचं आहे ते अजून आलेलंच नाही.

फरीदा म्हणाली, लवकर जा. त्यांना सांगा ते कसलं पीठ आहे, कुणासाठी आहे. तुम्ही कंपनीचे माणूस, तुमचं ऐकतील. ते खरंही होतं. सिक्युरिटी ऑफिसरने झडतीनंतर लगेच निरोप फिरवला होता — ज्याने कार्ड टाकलं त्याने येऊन बोलावं, नुसता संशय असेल तर प्रकरण इथेच मिटवू. म्हणजे दार उघडं होतं, मंगळवारी संध्याकाळपर्यंत तरी.

मी गाडी काढली. सिक्युरिटी ऑफिससमोर लावली. काचेतून सुरेश दिसत होता, बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून. मी मनात वाक्य जुळवत होतो. ‘ते पीठ माझ्यासाठी होतं.’ मग ते विचारणार, तुम्हाला ड्रमबद्दल कधीपासून माहीत? तुम्ही खोलीवर कधी गेला होता? कार्ड कुणी टाकलं असेल, काही अंदाज? — आणि मला खोटं नीट बोलता येत नाही, असा माझा त्या वेळी समज होता. अर्धा तास मी गाडीत बसलो. मग गाडी वळवून घरी आलो आणि फरीदाला म्हणालो, “सांगितलं गं सगळं. ऐकतच नाहीत.”

नीट बोलता आलं. तिने मला पाणी दिलं.

दारू सापडलीच नव्हती. पण खोलीत शिजवायला बंदी, आंबवलेला पदार्थ ठेवायला बंदी, आणि ठेकेदाराला कटकट नको होती. त्याने सुरेशला फायनल एक्झिट लावला, म्हणजे व्हिसा संपवून कायमचं घरी. खलास. त्याची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं ते वर्ष बुडालं, हे मला नंतर कळलं.

मॅच झाली. कॅरव्हॅनही गेली, तिचं बुकिंग झालेलं होतं म्हणून. माझ्या चार्टप्रमाणे सगळं झालं, कारण आता दुसरी योजनाच नव्हती. गोलपोस्टमध्ये आमचा एक पोट सुटलेला वेल्डर उभा राहिला आणि आम्ही सात गोल खाल्ले. बीजू प्रेक्षकांत एकटाच बसला होता. त्यांचेही लोक त्याच्यापासून दूर, आमचेही. त्याने मला सलाम केला. मी कोळसा हलवत राहिलो. पुढच्या महिन्यात त्याने दुसऱ्या कॅम्पात बदली मागून घेतली.

सुरेशला विमानतळावर सोडायला मीच गेलो. दुसरं कोण जाणार, भला माणूस मी. बॅग ट्रॉलीवर ठेवताना तो म्हणाला,

“भाय, त्या बीजूवर राग धरू नका. तो तसला नाही. मी एकाच खोलीत राहिलोय त्याच्याबरोबर. दुसऱ्याच कुणीतरी केलंय.”

मी म्हणालो, जाऊ दे ना, अल्ला बघतोय. — हे मी म्हणालो. याच तोंडाने.

त्याला सहा वर्षं झाली. सुरेश आता चिपळूणला पाण्याचे पंप दुरुस्त करतो. ईदला त्याचा आवाजाचा मेसेज येतो, भाभींना सलाम असतो. मी उत्तराला फुलांचं चित्र पाठवतो. बोलत नाही. आवाजावरून काही कळेल की काय, अशी भीती अजून वाटते. आणि आता तर मला प्रत्येकाचा संशय येतो — टपरीवर कुणी हसलं, फरीदाने फोन ठेवला, पोरांनी माझ्यासमोर इंग्रजीत काही म्हटलं, की वाटतं, यांना कळलंय. माणूस स्वतः चोरून कार्ड टाकतो, मग त्याला जगभर पेट्याच पेट्या दिसतात.

बीजूचा नंबर माझ्याकडे आहे. सुरेशचाही आहे. हे सगळं मी त्या दोघांना सांगायच्या आधी कागदावर लिहिलं, यातही माझाच स्वभाव दिसतो.

काल लिहून झालं आणि मी ते फरीदाला वाचून दाखवलं. वाचताना मान वर केली नाही. संपल्यावर तिने विचारलं, तो अर्धा तास गाडीचा एसी चालू होता का. मी म्हणालो, होता.

ती म्हणाली, “मी त्या संध्याकाळी बाहेर पडायला अबाया घालून आपल्या दाराशी उभी होते हो. तुम्ही एकट्याने बोलायला घाबराल, असं मला वाटलं होतं. परत येऊन ‘चल’ म्हणून एक हाक मारली असतीत, तर मीच जाऊन बोलले असते.”