बसवून काढलेला ड्रायव्हर

शिवाजी पेठेतल्या त्या कॉम्प्युटरवाल्याकडे मी सहा वर्षं जातोय. त्यानं अजून माझं नाव विचारलेलं नाही, म्हणून मीही त्याचं विचारत नाही. येईल ते गिऱ्हाईक त्याला पावणंच. आणि आवाज असा, की समोरच्या तालमीत ऐकू जावा.

परवा जुन्या लॅपटॉपवर आहे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जोडीला दुसरी, फुकटातली सिस्टीम घालून घ्यायला गेलो. ती बसली, पण तिच्यात वायफाय दिसेना. "ह्येचा ड्रायव्हर, म्हंजे वायफाय चालवणारा प्रोग्राम, येगळा टाकाय लागतोय," म्हणत त्यानं मोबाईल केबलनं जोडून नेट घेतलं आणि तासभर कंपनीला शिव्या घालत ड्रायव्हर बसवला. वायफाय आलं. मी लॅपटॉपची पिशवी उघडली, तर या माणसानं माझ्यादेखत तो ड्रायव्हर काढून टाकला!

माझं डोकंच फिरलं. "अहो, हे काय केलं?"

"आता तुमी टाका की. अपडेट आलं की ह्ये पुन्हा जाणार. दरवेळी हितं येऊन बसणार व्हय?"

चार गिऱ्हाइकं बघत होती. मी टाकायला बसलो आणि तीनदा चुकलो. तो ढिम्म हलला नाही. "काय लिवलंय त्ये वाचा की पावणं," एवढंच. चौथ्यांदा वायफाय आलं. पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही, असं ठरवूनच मी निघालो.

काल अपडेट झालं आणि वायफाय गेलं. त्याला शिव्या देत देत मी ड्रायव्हर टाकला. पहिल्या झटक्यात बसला. आता त्याच्याशी भांडायला जायचं तरी कुठल्या तोंडानं?