मागाच्या खोलीतलं विमान

“बेल्ट बांधा,” असं म्हणत ते पाहुण्याच्या मांडीवरून एक काळा पट्टा ओढायचे आणि खट्कन अडकवायचे. खुर्ची प्लास्टिकची, पट्टा भंगारातल्या कुठल्याशा गाडीचा आणि विमान टेबलावरच्या पडद्यात. पण पट्टा लावल्याशिवाय चहा मिळत नसे. त्यामुळे सीमाभागातल्या वडगावच्या आमच्या गल्लीतल्या चहाबाजांना विमानप्रवासाची चांगलीच सवय झाली होती.

गल्ली त्यांना कॅप्टन म्हणायची. तोंडावरही म्हणायची. यात टोमणा आहे हे त्यांना कळत नसावं, किंवा कळूनही त्यांनी तो किताब म्हणून स्वीकारला असावा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना चिडवणं फार कष्टाचं काम असतं.

जन्मभर त्यांनी यंत्रमागावर साड्या विणल्या. माग विकले, खोली रिकामी झाली आणि तिथे विमानतळ आला. त्याचं मूळ मात्र सांबऱ्याच्या खऱ्या विमानतळावर होतं. मुलगी मस्कतला, तिला मुलगा झालेला, आणि आजी-आजोबांनी तो फक्त फोनवर पाहिलेला. जावयाने तिकिटं पाठवली. गल्लीने हार घालून दोघांना रिक्षात बसवलं. दुपारच्या आत दोघंही बॅगांसकट परत.

“वारं बरोबर न्हवतं,” कॅप्टन म्हणाले.

त्या दिवशी वडगावात दोरीवरचं धोतरही हलत नव्हतं. विमान वेळेवर उडून गेलं होतं. कॅप्टनच तेवढे विमानतळाच्या दारातून मागे फिरले होते. आक्का, म्हणजे त्यांची बायको, घरी येताच डबा उघडून बसली. नातवासाठी वळलेले बेसनाचे लाडू तिने घरोघर वाटून टाकले. गल्लीने इतके चांगले लाडू इतक्या गुपचूप कधी खाल्ले नव्हते.

“आधी विमान काय चीज हाय ते कळाय पायजे, मग बसायचं,” असं कॅप्टननी जाहीर केलं. आक्का कधी कोल्हापूरलाही एकटी गेलेली नव्हती. तेव्हा तिला नातू मांडीवर घ्यायला कधी मिळणार, हे आता कॅप्टनच्या अभ्यासक्रमावर ठरणार होतं.

कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळासाठी त्यांनी मागवलेल्या खोक्यातून दोन वस्तू निघाल्या. एक जॉयस्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा, आणि दुसरी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायची मूठ. दांडा उजवीकडे आणि मूठ डावीकडे टेबलाला घट्ट आवळली गेली. मग कॅलिब्रेशन. दांडा चारी बाजूंना फिरवून कॉम्प्युटरला त्याची ओळख करून द्यायची असते. एकदा केली की पुरते. कॅप्टन ती रोज आंघोळीनंतर करायचे, सोवळ्यातल्या चेहऱ्याने.

पहिले काही दिवस विमान धावपट्टी संपल्यावर शेतात जाऊन पडायचं. कारण साधं होतं. त्यांच्या मागाचं हँडल आपल्याकडे ओढलं की माग सुरू व्हायचा, ही त्यांच्या हाताची जन्माची समजूत. विमानाची मूठ पुढे ढकलावी लागते. ऐन उड्डाणाच्या वेळी ते ती जोर लावून ओढायचे आणि इंजिन बंद पाडायचे.

“विमानवाल्यांचं चुकलंय,” असा निष्कर्ष काढून त्यांनी सेटिंगच उलटं करून टाकलं. ओढलं की जोर, ढकललं की आराम. जगातले सगळे वैमानिक मूठ पुढे ढकलतात, असं मी, शेजारचा शाळामास्तर, त्यांना सांगून पाहिलं.

“त्यांनी माग चालवल्यात व्हय, सर?”

जगातल्या समस्त वैमानिकांच्या वतीने मी चहाचा घोट घेतला.

त्यानंतर विमान उडू लागलं. टॉवरकडे उड्डाणाची परवानगी मागताना कॅप्टन मराठीत बोलायचे, आणि टॉवर सरकारी असल्यामुळे त्याचं उत्तर स्वतःच कन्नडमध्ये द्यायचे. सीमाप्रश्न इतक्या सामंजस्याने हाताळलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मुंबईकडे जाताना निपाणी मागे पडली की ते विमान मुद्दाम तिरकं करायचे. “त्ये बघा कोगनोळी. सीमेच्या नाक्यावर कोण अडवत न्हाय आपल्याला!”

रोज दुपारी आक्का मेथी निवडायला त्या खुर्चीत बसायची. पट्टा लावून.

“ह्ये हादरतंय कशानं?”

“टर्ब्युलन्स.”

“म्हंजे जांबोटीची बस की,” म्हणून ती पुढची जुडी उचलायची.

कॅप्टन मुंबईत अगदी अलगद उतरू लागले. तरी मुलीने फोनवर विचारलं, “आप्पा, कधी येताय?” की अभ्यासक्रमात एक विषय वाढायचा. कधी आडवं वारं, कधी धुकं, कधी रात्रीचं उतरणं. नातू चालायला लागला. बोलायला लागला. कॅप्टन धुक्यातच होते.

दसरा जवळ आला तेव्हा एका दुपारी मेथीतून मान वर न करता आक्का म्हणाली, “पोरीला सांगा, एकच तिकीट काढ म्हनावं.”

“एकटी जानार तू?”

“ह्या खुर्चीत बसून बसून माझी भीती गेली. तुमची जायची वाट किती बघू?”

कॅप्टनचा हात दांड्यावरून सुटला. पडद्यावर विमान समुद्राकडे भरकटत गेलं. त्यांच्या प्रशिक्षण केंद्रातून पहिलं माणूस उत्तीर्ण झालं होतं, आणि ते कॅप्टन नव्हते.

खंडेनवमीला त्यांनी घरातल्या अवजारांची पूजा केली. माग नव्हते, म्हणून दांडा आणि मूठ. हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकू सढळ हाताने वाहिलं. त्यातलं बरंचसं नारळाच्या पाण्याबरोबर मुठीच्या फटीत उतरलं, हे देवाखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही.

दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी आक्काचा भाऊ तिला सांबऱ्याला सोडायला आला. सकाळी उठून तिने स्वयंपाक उरकला होता. “कानात दडे बसले तर आवंढा गिळायचा,” कॅप्टन दारातून सांगत होते. “खिडकीतनं बघायचं न्हाय.” रिक्षा वळली तसे ते घाईने आत आले. “चला सर, तिच्याबरोबरच सुटायचं.”

तिकिटावरच्या वेळेला पडद्यावरचं विमान बरोबर सुटलं. निपाणी आली, कोगनोळी गेली. आज विमान तिरकं झालं नाही. मुंबई दिसताच त्यांनी मूठ पुढे ढकलली, पण वेग कमी होईना. कुंकवाने भरलेली मूठ हातात पुढे गेली होती; पडद्यावर इंजिन तसंच ओरडत होतं. धावपट्टी खालून सर्रकन निघून गेली. त्यांनी वळसा घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांच्या कानामागून घाम ओघळला.

“उतरंना, सर.”

हे फक्त पडद्यातलं विमान आहे, असं मी म्हणणार होतो. त्यांचा चेहरा पाहून मी पट्टाच घट्ट केला.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी डाव्या हाताने मूठ दाबून धरत तो स्पीकरवर टाकला.

“उतरलो बघा मी मुंबईत,” आक्काचा आवाज आला. मागे खूप गलका होता. “काय सुदिक झालं न्हाय. आता म्होरलं विमान. पोरगी न्यायला येनार हाय, नातवाला घिऊन.”

कॅप्टननी मूठ आणखी जोराने पुढे रेटली.

“आनि तुमी?”

“अजून वरच हाय,” ते म्हणाले.



“मग या हळूहळू खाली,” आक्का म्हणाली. “आमटी झाकून ठेवलीया. सरांस्नीबी वाढा.”

मुंबईवर घिरट्या घालणारं विमान तसंच हवेत सोडून कॅप्टन उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन ताटं घेऊ लागले.