तिसरा वार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही ते बघितलेलं आहे. मोबाईलवर, पुन्हा पुन्हा. आणि खाली लिहिलंयत, 'याला म्हणतात खरी तलवारबाजी.' तुमचा राग येतो मला. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

मालिकेतल्या लढाया खोट्या वाटतात म्हणून तुम्हीच बोंबलत असता ना? तलवार एवढी हलकी कशी, एवढ्या गिरक्या कशाला, ठिणग्या कुठून आल्या? बरोबर आहे तुमचं. खऱ्या लढाईत कुणी गिरक्या घेत बसत नाही, बसलाच तर दुसरी गिरकी घ्यायला उरत नाही. आमच्या हातात बिनधारेचं ॲल्युमिनियमचं पातं असतं आणि खणखणाट मागाहून भरतात. पण खरं बघून तुम्ही करणार काय? खऱ्या वारात एक माणूस दुसऱ्याचं वाईट चिंतत असतो. तेच बघायचं होतं तुम्हाला? बघितलंत की. आवडलंही.

मी डोणगावची. घरी भाजीपाल्याची शेती. प्रज्ञाही डोणगावचीच, बौद्ध घरातली, तिचे वडील शाळेत शिक्षक. लाठी आणि तलवार आम्ही एकाच मैदानावर, एकाच गुरुजींकडे शिकलो. मिरवणुकीत आमची जोडी ठरलेली असायची. पुढे एका ऐतिहासिक मालिकेला तलवार चालवणाऱ्या मुली हव्या होत्या, तेव्हा दोघींनाही बोलावणं आलं. नटीची डबल, म्हणजे राणीच्या वेषात प्रत्यक्ष लढणारी — ती प्रज्ञा. तिची उंची नटीएवढी होती आणि हात माझ्यापेक्षा साफ होता. मी शत्रूकडची शिपाईण. पाचव्या वाराला मरायचं, एवढंच माझं काम.

घरी सांगितलं तर काका म्हणाले, "म्हंजे आपल्या पोरीनं मरायचं, अन् त्याइच्या पोरीनं राणी व्हायचं?" त्याइच्या म्हणजे कुणाच्या, हे वेगळं सांगायला नको. मी त्यांना गप्प केलं. असं बोलू नका, मी म्हणाले, चांगलं शिकल्यासवरल्यासारखं. आणि त्यांचं तेच वाक्य पिशवीत घालून सेटवर गेले.

आता नीट ऐका, कारण इथे तुमच्यासारखे जाणकार नेहमी चुकतात. पडद्यावरची लढाई ही लढाई नसतेच. ती नाचासारखी बसवतात. पहिला वार डावीकडून, दुसरा वरून, तिसरा पुन्हा डावीकडून, सगळं मोजून. आणि एक नियम असतो. वार करणारीनं आधी समोरचीच्या डोळ्यांत बघायचं, तिनंही बघायचं, मगच हात सोडायचा. नजर दिल्याशिवाय वार नाही. आमचे फाईट मास्टर सकाळी चहाच्या आधी हे आमच्याकडून वदवून घ्यायचे. धार नसली तरी धातू तो धातूच.

टेक सुरू झाला. पहिला वार झाला. दुसरा झाला. तिसरा वार माझा होता. तो अडवायला प्रज्ञाची तलवार तिच्या डावीकडे गेली, जिथे माझं पातं येणार होतं तिथे. तिची उजवी बाजू उघडी पडली, मुठीवरची बोटंसुद्धा — आणि मला ती दिसली. नुसती दिसली? नाही. मी ती निवडली. नजर दिली नाही आणि वार उजवीकडून आणला.

तुम्ही बघता ते हेच. डबलचा चेहरा दाखवत नाहीत, म्हणून तुम्हाला तिची पाठ दिसते आणि त्या पाठीतून गेलेला झटका दिसतो. चेहरा दिसतो तो माझा. 'काय राग आहे हिच्या डोळ्यांत, अभिनय असावा तर असा,' असं लिहिता तुम्ही. कुठला अभिनय?

मास्टर धावत आले. मी म्हणाले, "तिची मोजणी चुकली." कुणी विचारायच्या आधीच म्हणाले. तिची दोन बोटं मोडली होती, आणि वेदनेत माणसाला आपण काय केलं ते कुठे आठवतं? तिनं ते खरं धरलं. मी रडत होते, भीतीनं, पकडली जाईन म्हणून. तर तीच मला म्हणाली, "माह्यंच चुकलं वं. तू काऊन रडून राह्यली?"

मोजणी चुकणाऱ्या मुलीला या धंद्यात पुन्हा कुणी उभं करत नाही, ती सगळ्यांनाच धोका असते. प्रज्ञा गावी परतली. एक बोट अजून मिटत नाही, तलवारीची मूठ तिला धरता येत नाही. राणीचा वेष मला थोडा आखूड करून दिला. पुढची कामं मलाच मिळाली.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो मत्सर होता. मत्सर कसा, कलावंताला शोभून दिसतो. पण ती माझ्यापेक्षा चांगली लढायची, हे मला कधीच टोचलं नाही. मैदानावर मीच कौतुकानं सांगायचे. टोचलं ते तिनं राणी होणं. बौद्धांच्या पोरीनं माझ्या छातीत तलवार खुपसायची आणि मी तिच्या पायाशी पडायचं, तेही टीव्हीवर, सगळ्या गावासमोर. काका निदान तोंडानं बोलले. मी हातानं केलं.

या वर्षी गावात मुलींचं शिबिर झालं. प्रज्ञाच भरवते ते. हातानं दाखवता येत नाही, तर तोंडानं सांगून शिकवते, आणि चांगलं शिकवते. मला पाहुणी म्हणून बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. मग तिनं माइक घेतला आणि आपला हात वर करून मुलींना दाखवला. "पोरीहो, मोजणी पक्की ठेवा. मी एकडाव चुकली, तर हे बोट गेलं. अन् हिच्यावर फुकट आळ आला असता. मीच मास्टरले सांगितलं, तिचा काही दोष नाही म्हणून."

मग हसत माझ्याकडे वळली. "बरोबर हाय ना वं?"

तिनं माइक माझ्यापुढे धरला. सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. तीही बघत होती, सरळ डोळ्यांत.

मी म्हणाले, "हाव."

आणि मग मोजणी कशी पक्की ठेवायची, त्यावर अर्धा तास बोलले.