त्रेचाळीस कोरी बोटं

आमच्या युनियनचा उमेदवार पडला आणि तो मी पाडला. विरोधकांचा चहासुद्धा न पिता, एका भाषणात.

झालं असं. नगरपालिकेच्या मतदानाला भरपगारी सुट्टी मिळाली. मी युनियनचा सेक्रेटरी. आयती सुट्टी बघून कर्जतजवळ सहल ठरवून मोकळा झालो. सकाळी सहाला बस निघणार, चारला परत, आणि सगळे थेट मतदान केंद्रावर उतरणार. जेवण झालं, संगीतखुर्ची झाली, मग मी आभार मानायला उभा राहिलो. आचारी, ड्रायव्हर, ड्रायव्हरचा मेहुणा, कोणालाच सोडलं नाही. अंबरनाथला पोचलो तेव्हा पावणेसहा वाजले होते. केंद्राचं गेट साडेपाचलाच बंद झालं होतं.

शालनताई सहलीला आल्या नव्हत्या. आमच्या औषध कंपनीत त्या सव्वीस वर्षं पॅकिंगला आहेत. पाकिटात एक गोळी कमी असली, तरी ते मशीनच्या आधी त्यांच्या बोटांना कळतं. मतदानाला जायची त्यांच्या घरची रीत ठरलेली: अंघोळ, पांढरी साडी आणि रांगेत पहिल्या पाचांत नंबर. दुसऱ्या दिवशी त्या गुळाचा डबा घेऊन कंपनीच्या गेटवर उभ्या राहतात. डावा हात पुढे करायचा, शाई दाखवायची, गुळाचा खडा घ्यायचा आणि कामाला लागायचं.

यंदा मी हात खिशात घालूनच आलो.

"बाळभाऊ, हात काढा."

"ताई, जरा सर्दी झालीय हो."

"हाताला?"

मी हात बाहेर काढला. त्यांनी बोट पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं. माझ्यामागे बसमधली बाकीची मंडळी उभी होती. सगळ्यांचेच हात खिशात.

दुपारी निकाल लागला. आमचे बुद्धभूषण, बॉयलरवरचे रिटायर्ड फिटर, एकतीस मतांनी पडले. मी आकडा तीनदा विचारून घेतला. बसमध्ये त्यांच्या वॉर्डातले त्रेचाळीस जण होते. 

बुद्धभूषणांनी एकच वचन दिलं होतं: कंपनीमागच्या कामगार वसाहतीत नवे सार्वजनिक संडास. साठ घरांना सहा संडास, त्यातल्या दोनांनाच दारं. हे मला ऐकून माहीत होतं. मी राहतो बदलापूरला, फ्लॅटमध्ये; माझं मतही तिकडचं, त्याच दिवशीचं, तेही बुडालं.

गेटवरचा वॉचमन दिपेश माझ्याजवळ आला. "साहेब, म्हणजे ताई आता रविवारी पण येतच राहणार?"

"रविवारी? सुट्टीला कशाला येतात त्या?"

"संडासला. सकाळी सहाला. सून पण असते सोबत. मी रजिस्टरमध्ये लिहीत नाय, तुम्ही पण बोलू नका कुठे."

 कंपनीतले टाइल्सवाले संडास अकरा दिवस संप करून आम्ही मिळवले होते. उद्घाटनाची फीत मी कापली होती. त्या दिवशीही मी आभार मानले होते. आणि ही बाई सुट्टीच्या दिवशी वसाहतीतल्या घरून चालत तिथे येत होती.

मी पॅकिंगमध्ये गेलो. शालनताई टोपी सारखी करत होत्या.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर आभार थोडक्यात मानले असते?"

 मी नेहमीचं तुणतुणं काढलं, की युनियनचं काम मालकाशी भांडायचं, राजकारणापासून आपण लांबच बरे.

"इथला संडास मालकाशी भांडून घेतला," त्या म्हणाल्या. "वसाहतीतला कोणाशी भांडून घेऊ? तिथला मालक काल ठरला. तुम्ही तेव्हा खुर्चीभोवती पळत होतात. आणि ती सुट्टी काय कर्जतसाठी दिली होती? कायद्यात लिहून घेतलीय ती कोणीतरी, मत टाकायला म्हणून. दोनदा मुतखडा झालाय मला, बाळभाऊ. दुपारनंतर पाणी पीत नाही मी."

एवढं त्या सव्वीस वर्षांत माझ्याशी बोलल्या नव्हत्या. पट्ट्यावरून पाकिटं पुढे चालली होती. त्यातलं एक त्यांनी न बघताच बाजूला काढलं. गोळी कमी होती.

"ताई, अजून वेळ गेलेली नाही," मी म्हणालो. "निवडून आलाय त्याच्याकडे आपण जाऊ. दोनशे सह्यांचं निवेदन देऊ. सगळ्यांत पुढे मी राहतो."

"निवेदन वाचायच्या आधी तो तुमचं बोट बघेल."