नाव न घेतलेला कप्पा

आमची संयोगिता, थोरल्या लेकाची पोरगी. कराडला शिकली, आता घरी बसून कंपूटरवर काम करती. सांगलीच्या एका दवाखान्याचा प्रोग्रॅम तिच्याकडं हाय, पीएचपी नावाच्या कंपूटरच्या भाषेत लिवलेला. पेशंटच्या माहितीचं एक कपाट, त्याला क्लास म्हणायचं. आत कप्पे: वय, रक्तगट, कुठलं औषध सोसत न्हाई. मी चौथी नापास, पर तिचं ऐकणारं घरात दुसरं कोण न्हाई.

पोरगी लय नीटनेटकी. गुरुवारी तिनं ज्या कप्प्यांची नावं बाकी कोडात, म्हंजी प्रोग्रॅमच्या लिखाणात, कुठं घावली न्हाईत, ते बिनकामाचे समजून काढले आणि बदल दवाखान्यात चालू केला. दुपारी जेवताना तिला कायतरी आठवलं आणि घास हातातच राहिला.

"आज्जी, काही नावं कोडात लिवलेलीच नसत्यात. प्रोग्रॅम चालताना नावाचे तुकडे जोडून तिथल्या तिथं तयार होत्यात. न सोसणाऱ्या औषधाचा कप्पा मी काढला. दवाखान्यात आता तिथं कोरं दिसत असंल."

मी ताटावरनं उठले. माझी जाऊ हरणाबाई चिघळलेला पाय घेऊन सकाळपासनं त्याच दवाखान्यात. मागं पेनिसिलीननं तिचा घसा सुजून श्वास कोंडला होता.

फोन वाजतोय, कोण उचलंना. पोरगी दोन्ही हातांनी कंपूटरवर तो कप्पा परत बसवाय लागली, म्हणून फोन मीच तिच्या कानाला धरला. चौथ्या वेळी दवाखान्यातल्या गुणमाला सिस्टर बोलल्या. पेनिसिलीनची सुई भरून तयार होती. चहा पिल्याबिगर टोचून घेणार न्हाई म्हणून हरणाबाई अडून बसली होती, म्हणून टोचायची राहिली; पोरीनं सांगितल्यावर सिस्टरनी ती फेकून दिली. आयुष्यभर ज्या चहापायी मी तिला बोलले, त्याच चहानं ती वाचली.

कप्पा परत बसवून झाला, तरी पोरगी कंपूटरपुढनं उठंना. "नावच कुठं न्हाई, मला कसं कळावं?"

"बावन्न वर्सांत तुझ्या आजोबांचं नाव मी घेतलं न्हाई. 'आवं' म्हणलं की येत्यात. नाव ऐकू येत न्हाई म्हणून रेशनकार्डावरनं काढशील त्यास्नी?"

ती हसली न्हाई. कपाटावर चिठ्ठी लावावी तसं क्लासच्या डोक्यावर तिनं टिपण लिवलं: कप्प्याचं नाव, आत काय असतं, कुठनं बोलावत्यात. एकवीस नावं. एकेक मला वाचून दाखवलं.

अजून जेवताना मधीच उठून ती यादी बघून येती. मी ताट झाकून ठेवते.

"सगळी लिवलीस न्हवं?" काल विचारलं.

"सापडली ती सगळी."

"आणि न सापडलेली?"

तिनं घास खाली ठेवला. मी विचारायला नको होतं.