अण्णांनी बघून ठेवलेल्या खोल्या

बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वरात बी-बियाणांच्या दुकानात बसून, एकदाही विमानात पाय न ठेवता, परदेशातल्या कोणत्या शहरात कोणत्या गल्लीत उतरावं हे छातीठोकपणे सांगणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. वयाने आणि मानाने मोठे, म्हणून आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. पुण्या-हैदराबादेतली आमची भाचरं तिकिटं आपापली काढतात, पण हॉटेल ठरवायची वेळ आली की फोन राजेश्वरला लागतो.

हा नाद त्यांना मोबाईलमुळे लागला. नकाशात शिरून रस्त्यावरून चालता येतं हे कळलं, त्या दिवसापासून अण्णा दुकानात नुसते देहाने असत. कुणी तुरीचं बी मागायला आला, की मोबाईलवरची नजर न काढता बोट वर करत. “थांब की रे जरा, पूल ओलांडायलोय.” पूल बुडापेस्टचा असे. गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. एकदा एक जण कंटाळून म्हणाला, “अण्णा, पल्याड पोचल्यावर तरी बी देताव का?” अण्णा म्हणाले, “देतो की. पर पल्याडचं हॉटेल बघून मग.” तो बिचारा पोत्यावर टेकला आणि थोड्या वेळाने स्वतःच मोबाईलमध्ये डोकावून “ह्या बोळातून जावा, सावली हाय” असं सांगू लागला.

हॉटेल पारखण्याची अण्णांची रीत कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. जगातलं प्रत्येक शहर ते आधी बीदरवर बसवून बघत. इथला चौबारा, म्हणजे भर गावातला बुरूज, कुठला, किल्ला कुठला, बस स्टँड कुठला. एवढं ठरलं की शहर मुठीत आलं. एका भाचीने पॅरिसमध्ये पोहण्याचा तलाव असलेलं झकास हॉटेल शोधलं होतं. अण्णांनी नकाशा बघून एका वाक्यात निकाल दिला: “हे पॅरिसचं नौबाद हाय, बाई.” नौबाद म्हणजे बीदरच्या पार टोकाला. तिथे उतरलेल्या माणसाचा निम्मा दिवस रिक्षाची वाट बघण्यात जातो. भाची चिडली, “मामा, तिथं मेट्रो आहे!” अण्णा म्हणाले, “तुझ्या मेट्रोला पायात चप्पल घालून, खाली उतरून, वर चढून जावं लागतंय का न्हाई? मग? चौबाऱ्यात ऱ्हा. खोली बारकी असंना.” ती बारक्या खोलीत राहिली आणि परत आल्यावर अण्णांच्या पाया पडली.

दुसरी कसोटी भाकरीची. आमच्याकडे प्रवासाला निघताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतातच, मग प्रवास कलबुर्गीचा असो की कॅनडाचा. अण्णांचं म्हणणं, दुपारी पाय भरून आले की चालत खोलीवर येऊन, भाकरी खाऊन, घटकाभर आडवं होता आलं पाहिजे. “सकाळी निघायचं आन् रातीलाच परत यायचं, तर त्याला हॉटेल कामून म्हणायचं? सामान ठेवायचं गोदाम हाय ते.” आणि लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचताना ते वाईट तेवढेच वाचत. चांगलं बोलणारा भिडेपोटीही बोलतो, असा त्यांचा अनुभव. कुणीतरी तक्रार केली होती की पहाटे चर्चच्या घंटेने झोप मोडते. अण्णा खूष. “घंटा ऐकू येती म्हणजे गावाच्या मधोमध हाय. हेच घ्या.”

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आमच्या नात्यात लग्नकार्यात एक विनोद हमखास होतो: अण्णा जगाची हॉटेलं ठरवतात, पण स्वतः विमानाला भितात! सगळे हसतात, अण्णाही हसतात. हा विनोद खोटा आहे आणि तो मी तयार केलेला आहे.

माझ्या मुलाने आम्हा दोघांना व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्टला पाठवायचं ठरवलं, तेव्हा अण्णा तो सगळा हिवाळा त्या तीन शहरांतच होते. रविवारी बसने बीदरला आमच्या घरी यायचे, चहा निवून जायचा तरी नकाशा दाखवत बसायचे. तेव्हाच मुलाने मला विचारलं, “बाबा, काका आणि मावशींना पण पाठवायचं का? त्यांची किती इच्छा आहे.” मी म्हणालो, “अक्काला झेपायचं नाही. आणि अण्णांना विमानाची भीती वाटते.” अण्णांना मी विचारलं नव्हतं. खरं कारण एवढंच, की ते बरोबर असते तर तिन्ही गावांत ते पुढे चालले असते आणि मी मागे. शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेला मी. आयुष्यात एकदा मला पुढे चालायचं होतं.

अण्णांनी ठरवून दिलेल्या व्हिएन्नाच्या हॉटेलात पोचलो. दाराला पायरी नव्हती. लिफ्ट होती. न्हाणीघराला उंबरा नव्हता, भिंतीला धरायला दांडी होती, बसून अंघोळ करायला स्टूल होतं. ट्राम दारासमोर आणि थांब्यावर टेकायला बाक. माझी बायको त्या स्टुलावर बसून, दांडी धरून उठून आली. मग म्हणाली, “अहो, आपले दोघांचे गुडघे तर धड हायत. हे अक्कासाठी बघितलेलं हाय.” प्रागलाही तसंच निघालं, बुडापेस्टलाही तसंच. अण्णांनी हिवाळाभर चौघांसाठी खोल्या बघितल्या होत्या. कुणी “चला” म्हणेल याची ते वाट बघत होते.

परत आल्यावर कितीतरी महिने राजेश्वरला जायला मी टाळाटाळ केली. विनोद चालू राहिला आणि मी तो चालू दिला. परवा मात्र गेलो. अण्णा ओसरीवर होते. मी सगळं सांगून टाकलं.

ते शांतपणे म्हणाले, “मला ठाऊक हाय, सर. तुमचा पोरगा तवाच फोनवर इचारला होता, काका, खरंच भीती वाटती का म्हणून. मी म्हणलो, व्हय, वाटती.”

“असं का म्हणालात, अण्णा?”

“मग काय पोरासमोर तुमाला खोटं पाडू काय?”

मी म्हणालो, “आता चला. पोरगा तयार आहे. आपण चौघं जाऊ.”

त्यांनी घरात नजर टाकली. “आता तिला अंगणात यायचं म्हणलं तर दोघांनी धरावं लागायलंय. ऱ्हाऊ द्या.” मग समोरच्या लिंबाकडे बघत ते एकदम म्हणाले, “त्या प्रागच्या खोलीत सांजचं ऊन येत होतं का? लोकांच्या फोटोत सावल्या बघून बघून मी ती बाजू धरलो होतो. पलंगावर बसलं तर पायावर ऊन यावं म्हणून.”

ऊन येत होतं. डोळ्यांवर येतं म्हणून मी रोज उठून पडदा ओढून घेत असे.

“येत होतं,” मी म्हणालो.

“पायापर्यंत?”

“हो. पायापर्यंत.”

अण्णांनी मान हलवली आणि आतल्या दाराकडे वळून हाक मारली, “ऐकलीस का गं? प्रागला पायावर ऊन येत होतं म्हणं.”

आतून अक्काचा आवाज आला, “मग बरं झालं की. गुडघ्याला तेवढंच शेकलं असतं.”